क्राकोवचा मनोरा, तिथले पहारेकरी आणि १२४१ ची गोष्ट

पोलंडमधल्या क्राकोव शहराच्या मुख्य चौकात दर तासाला एक प्रकार घडतो. चौकाच्या कोपऱ्यावर सेंट मेरीचं विटांचं चर्च आहे आणि त्याला दोन मनोरे आहेत. त्यातल्या उंच मनोऱ्यावर घंटेचे ठोके पडतात, एक छोटी खिडकी उघडते आणि कुणीतरी ट्रम्पेटवर एक साधी धून वाजवतं. मग दुसरी खिडकी, तीच धून. असं चारही दिशांना. दिवसा, मध्यरात्री, बर्फ पडत असताना, रोज. ही धून शेवटाला जात नाही, मध्येच एका सुरावर तुटते. या धुनेला तिथं 'हेइनाऊ' म्हणतात.

धून का तुटते? चौकातला कुठलाही गाईड (पर्यटकांचा, आपला पीएचडीवाला नव्हे) सांगतो ती गोष्ट अशी : १२४१ साली मंगोल फौजा, म्हणजे तिकडच्या भाषेत तातार, क्राकोववर चालून आल्या. मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याने त्यांना लांबूनच पाहिलं आणि ट्रम्पेट वाजवून शहराला सावध केलं. दरवाजे वेळेत बंद झाले, शहर वाचलं. पण वाजवता वाजवताच एक बाण त्याच्या गळ्यात घुसला. म्हणून आजही धून तिथंच थांबते, जिथं त्याचा श्वास थांबला.

गोष्ट ऐकली की अंगावर काटा येतो. प्रश्न एवढाच की संशोधक म्हणून हिचं करायचं काय?

कोर्सवर्क करणाऱ्या बऱ्याच मित्रमैत्रिणींना हाच प्रश्न आपापल्या विषयात पडलेला असतो. गावच्या वेशीची कथा, किल्ल्यावरच्या बुरुजाची कथा, देवळातल्या घंटेची कथा. सिनॉप्सिसमध्ये ती घालायची की नाही? एक टोक म्हणजे 'लोक सांगतात म्हणजे काहीतरी असेलच' असं म्हणून ती पहिल्या प्रकरणात जशीच्या तशी टाकणं. दुसरं टोक म्हणजे 'दंतकथा, पुरावा नाही' असा शिक्का मारून मोकळं होणं. क्राकोवचं उदाहरण मला आवडतं कारण इथं दोन्ही वाटा तोकड्या पडतात, आणि मधली वाट कशी दिसते ते टप्प्याटप्प्याने पाहता येतं.

आधी साधी तपासणी करू : १२४१ मध्ये तिथं नक्की काय होतं?

मंगोल स्वारी झाली यात वाद नाही. १२४१ च्या मार्चमध्ये क्राकोव जळलं. म्हणजे गोष्टीतलं 'शहर वाचलं' हे पहिल्याच फटक्यात गळतं. १५ व्या शतकातला पोलंडचा मोठा इतिहासकार यान द्वुगोश या विध्वंसाबद्दल लिहितो. सेंट अँड्र्यूच्या दगडी चर्चमध्ये लोकांनी आश्रय घेऊन प्रतिकार केला, ही आठवणही जपली गेली आहे आणि ते चर्च आजही उभं आहे. मात्र ट्रम्पेटवाल्याचा पत्ता या जुन्या कथनात नाही. एवढी नाट्यमय घटना घडली असती तर द्वुगोशसारख्या लेखकाने ती सोडली असती का? हा युक्तिवाद मौनावर उभा आहे, आणि मौनावरचा युक्तिवाद नेहमी कच्चा असतो. म्हणून त्याच्यावर थांबायचं नाही, पुढचं पाहायचं.

पुढचा पुरावा जमिनीवरच आहे. क्राकोवचा मुख्य चौक म्हणजे सुमारे २०० मीटर बाजूचा जवळजवळ चौरस, आणि त्यातून काटकोनात निघणारे रस्ते. ही आखणी झाली १२५७ मध्ये, ड्यूक बोलेस्वावने शहराला नवी सनद दिली तेव्हा. म्हणजे स्वारीनंतर १६ वर्षांनी. नकाशा समोर ठेवून सेंट मेरीचं चर्च बघा : सगळा चौक सरळ आणि हे एकटंच तिरकं उभं. कारण ही जागा चौकापेक्षा जुनी. पहिलं चर्च १३ व्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेलं, ते मंगोल स्वारीत उद्ध्वस्त झालं. आजची इमारत मुख्यतः १४ व्या शतकातली. नवं चर्च जुन्याच जागी, जुन्याच दिशेने उठलं आणि चौक त्याच्याभोवती आखला गेला. ज्या मनोऱ्यावरून आज धून वाजते तो तर १५ व्या शतकाच्या सुरुवातीला एवढा उंच झाला. शहराला तटबंदी बांधायची परवानगी मिळाली ती १२८५ च्या सुमारास.

आता गोष्ट परत वाचा. १२४१ मध्ये हा मनोरा नव्हता, हा चौक नव्हता, आणि जे दरवाजे 'वेळेत बंद झाले' त्यांचा तट अजून बांधायचा होता. कथेतल्या नायकाकडे न जाता त्याच्या पायाखालच्या वस्तूंची तारीख विचारायची, एवढंच आपण केलं. माणूस होता की नव्हता हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं. वीट, दगड आणि सनद यांची तारीख मात्र बऱ्याचदा मिळते.

याच चर्चला चिकटलेली आणखी एक दंतकथा आहे. दोन मनोरे असमान का? तर म्हणे दोन भाऊ बांधत होते, धाकटा मागे पडू लागला, आणि मत्सरातून भावाने भावाला चाकूने मारलं. तो चाकू आजही समोरच्या जुन्या कापडबाजाराच्या कमानीत टांगलेला दाखवतात! टांगलेली वस्तू खरी, तिचा अर्थ बहुधा शहराच्या न्यायव्यवस्थेचा इशारा, म्हणजे 'चोरी कराल तर हे आहे' असा. मनोऱ्यांच्या उंचीतल्या फरकालाही एक रुक्ष स्पष्टीकरण आहे. लहान मनोरा चर्चचा, त्यात प्रार्थनेच्या मोठ्या घंटा. उंच मनोरा शहराचा, त्यात पहारा आणि वेळेची घंटा. टेहळणीच्या मनोऱ्याला उंची लागते, प्रार्थनेच्या घंटेला तेवढी नाही. एकाच इमारतीचे दोन मालक, ही गोष्ट मला खुनापेक्षा जास्त रंजक वाटते. संशोधनाचा विषय हवा असेल तर तोही यातच आहे.

शब्दाकडेही बघू. 'हेइनाऊ' हा मुळात पोलिश शब्द नाही. हंगेरियन भाषेत 'हॉयनॉल' म्हणजे पहाट, आणि हा शब्द तिथूनच पोलिशमध्ये आला असं मानलं जातं. पहाट झाल्याचा पुकारा, शहराचे दरवाजे उघडण्याची वेळ. शब्दात ना शत्रू आहे ना बाण. आहे ती रोजची ड्यूटी. अर्थात व्युत्पत्तीवर फार भार टाकू नये, शब्द आपला अर्थ सोडून लांब जातात. पण इतर पुराव्यांच्या बरोबर तो एकाच दिशेला बोट दाखवत असेल तर नोंद घ्यायची.

मग खऱ्या पहारेकऱ्यांचं काय? क्राकोवच्या या धुनेचा सगळ्यात जुना उल्लेख १३९२ चा आहे आणि तो सापडतो शहराच्या खर्चाच्या नोंदींत. म्हणजे पहारेकरी इतिहासात प्रवेश करतो तो शहीद म्हणून नाही, पगारी नोकर म्हणून.

इथं जरा थांबावंसं वाटतं. पहारेकरी हा अभ्यासायला फार अवघड माणूस आहे. त्याचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही तर कागदही तयार होत नाही. ज्या रात्री तो जागा होता, ज्या रात्री त्याला धूर वेळेत दिसला आणि शेजाऱ्यांनी चार बादल्यांत आग विझवली, त्या रात्रीची नोंद कोण करणार? अभिलेखागारात तो दिसतो तो तीन वेळा : पगार घेताना, नियम बनताना आणि चुकल्यावर. आपल्याकडच्या कोतवालीच्या कागदांतही हेच जाणवतं. पेशवाईतल्या पुण्यात रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरणाऱ्याला पकडून नेत. पकडलेल्याबद्दल कागद होतो. शांतपणे सरलेल्या रात्रींबद्दल होत नाही. त्यामुळे केवळ शिक्षांच्या नोंदी वाचून 'पहारेकरी झोपाळू होते' असा निष्कर्ष काढला, तर तो पहारेकऱ्यांबद्दलचा नसून कागद कधी तयार होतो त्याबद्दलचा ठरतो. नियम मात्र उलटे वाचता येतात. 'दर तासाला वाजव' हा नियम कशासाठी? वेळ सांगण्यासाठी, हे खरंच. पण पहारेकरी जागा आहे याची सगळ्या शहराला मिळणारी ती हजेरीसुद्धा आहे. खाली अंथरुणात पडलेला माणूस सुपरवायझरचं काम फुकटात करतो.

आणि पहारा मुख्यतः कशाचा? आगीचा. लाकडी घरं, उघड्या चुली, दाटीवाटी. स्वारी शतकातून एखादी, आग कधीही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये १४०५ च्या मोठ्या आगीनंतर कॅथेड्रलवरचा पहारा पक्का झाला. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्यावर १५३४ पासून आगीचे पहारेकरी बसत होते. त्यांच्या कामाची तांत्रिक बाजू समजून घेण्यासारखी आहे. वरून धूर दिसतो हे ठीक, पण तो नेमक्या कुठल्या घराचा? रात्री तर नुसता तांबूस उजेड. १९ व्या शतकात व्हिएन्नाच्या वेधशाळेचे संचालक लिट्रो यांनी त्यासाठी 'टोपोस्कोप' नावाचं यंत्र बनवलं. दुर्बीण एका मोजपट्टीवर बसवलेली. ती आगीवर रोखायची, आडवा आणि उभा कोन वाचायचा आणि तयार तक्त्यात तो आकडा शोधायचा, की समोर जागेचं नाव. तारे शोधायची पद्धत चुलीच्या धुराला लावली! मनोऱ्याची जागा ठरलेली, उंची ठरलेली, म्हणून दोन कोनांवर भागतं.

पण आग दिसणं एक आणि विझणं दुसरं. १८ जुलै १८५० ला क्राकोवमध्ये भीषण आग लागली. डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन ही दोन मोठी चर्चेस, बिशपचा वाडा आणि कितीतरी घरं त्यात गेली. मनोरा होता, पहारा होता. संघटित अग्निशमन दल नव्हतं. ते उभं राहिलं पुढच्या काही दशकांत, आणि १८७३ पासून मनोऱ्यावरचं काम त्या दलाच्या माणसांकडे आलं. आजही धून वाजवणारे हे क्राकोव अग्निशमन दलाचे कर्मचारीच असतात. चार दिशांचे मानकरीही ठरलेले आहेत : एक धून वावेल गडावरच्या राजासाठी, एक नगराध्यक्षासाठी, एक उत्तरेच्या वेशीतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी आणि एक अग्निशमन दलाच्या प्रमुखासाठी. राजा कधीच नाही, त्याच्या वाटची धून चालूच आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बाणाची गोष्ट ठळकपणे लेखी दिसते ती कधी? थेट १९२० च्या दशकात. एरिक केली नावाचा अमेरिकन प्राध्यापक त्या काळात क्राकोवमध्ये राहून गेला. १९२८ मध्ये त्याची 'द ट्रम्पेटर ऑफ क्राकोव' ही मुलांसाठीची कादंबरी आली. मुख्य कथानक १५ व्या शतकातलं, पण सुरुवातीला १२४१ चा ट्रम्पेटवाला. १९२९ मध्ये तिला अमेरिकेतलं प्रतिष्ठेचं न्यूबेरी पदक मिळालं आणि गोष्ट जगभर पोचली. त्याच्या एकच वर्ष आधी, १९२७ मध्ये, पोलिश रेडिओने दुपारी १२ ची धून थेट मनोऱ्यावरून रोज प्रसारित करायला सुरुवात केली होती. ते प्रसारण आजही चालू आहे.

तारखा शेजारी ठेवा. १९१८ मध्ये पोलंड १२३ वर्षांच्या फाळणीनंतर पुन्हा स्वतंत्र झाला. शहरात टेलिफोन आला होता, आगीची वर्दी द्यायला मनोऱ्याची गरज उरत चालली होती. आणि नेमक्या याच वेळी पहारेकऱ्याला एक नवं, फार मोठं काम मिळालं : देशासाठी मरण्याचं. आगीवर नजर ठेवणारा नोकर हळूहळू शत्रूवर नजर ठेवणारा हुतात्मा झाला. त्याचं जुनं काम संपत आलं तेव्हाच त्याची गोष्ट मोठी झाली, असं मला वाटतं. व्हिएन्नाशी तुलना केली की हे आणखी टोचतं. तिथला मनोऱ्यावरचा पहारा १९५५ अखेर बंद झाला. यंत्रं आली, पहारेकरी घरी गेले, हिशोब संपला.

'बघा, दंतकथेने नोकरी वाचवली!' असं लिहून प्रकरण संपवायचा मोह होतो. थांबा. व्हायवामध्ये पहिला प्रश्न हाच येईल : याला अपवाद आहे का? आहे. लोझानचा पहारेकरी. त्याच्यामागे अशी कुठलीही हौतात्म्याची कथा नाही, तरी तो आजही रात्री १० ते २ दर तासाला कॅथेड्रलच्या चारही बाजूंना आरोळी देतो. २०२१ मध्ये तर तिथं पहिल्यांदाच एका स्त्रीची नेमणूक झाली. जर्मनीत म्युन्स्टरच्या लाम्बेर्टी चर्चवरही रात्री शिंग फुंकलं जातं, आणि २०१४ पासून ते काम एक स्त्री करते. उलट व्हिएन्नाच्या मनोऱ्याकडे १६८३ च्या ऑटोमन वेढ्याच्या खऱ्याखुऱ्या आठवणी होत्या. सेनापती स्टारहेम्बर्ग तिथूनच शत्रूच्या हालचाली पाहायचा. तरी तिथली नोकरी वाचली नाही. म्हणजे कथा असली की परंपरा टिकते हा नियम होऊ शकत नाही. क्राकोवपुरतं एवढंच म्हणता येतं की कथेने धुनेचा अर्थ बदलला. 'कारण' आणि 'अर्थ' हे दोन शब्द आपल्या लिखाणात आपण फार सहज एकमेकांच्या जागी वापरतो.

आणि अर्थ बदलला की पुढे खरोखरच्या घटना घडतात. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी क्राकोव घेतल्यावर ही धून बंद पाडली. ती नुसती वेळेची खूण असती तर कोणी कशाला हात लावला असता? पुढे १८ मे १९४४ ला इटलीत, माँटे कासिनोच्या डोंगरावरचा उद्ध्वस्त मठ जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्याने घेतला. तिथं त्या ढिगाऱ्यावर उभं राहून एमिल चेक नावाच्या सैनिकाने हीच धून वाजवली. क्राकोवपासून शेकडो मैलांवर, आगीच्या पहाऱ्याशी काडीचा संबंध नसताना. १२४१ ची गोष्ट खोटी असेल, पण त्या दिवशी ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांतलं पाणी हे १९४४ चं अस्सल साधन आहे.

हे सैन्य जमलं होतं सोव्हिएत छावण्यांतून सुटलेल्या पोलिश लोकांतून. सैनिक मध्य आशिया आणि इराणमार्गे लढाईवर गेले. त्यांच्याबरोबर बाहेर पडलेल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं यांना जगात ठिकठिकाणी आसरा शोधावा लागला. त्यातले सुमारे ५,००० जण आले कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला. १९४३ ते १९४८ ही वसाहत तिथं होती : शाळा, चर्च, स्काऊट पथकं, सगळं पोलिश. माँटे कासिनोवर लढणाऱ्या कितीतरी जणांची घरची माणसं त्या वेळी पंचगंगेच्या खोऱ्यात पत्राची वाट बघत होती. मराठीतून या विषयावर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी इथं भरपूर वाव आहे. वळिवड्याच्या मुलांनी क्राकोव आणि त्या धुनेबद्दल शाळेत काय ऐकलं, घरी काय ऐकलं, आणि त्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत ते कसं उतरलं, हे प्रश्न १२४१ पेक्षा कितीतरी जास्त सोडवण्याजोगे आहेत.

आता परत आपल्या सिनॉप्सिसकडे. रायगडावरची हिरकणी आठवते ना? संध्याकाळ, बंद झालेले दरवाजे, नियम मोडता न येणारे पहारेकरी आणि कडा उतरून गेलेली आई. ती गोष्ट क्राकोवच्या गोष्टीसारखीच आहे असं मी म्हणत नाही, प्रत्येक कथेचा पुरावा वेगळा तपासावा लागतो. पण अशी कथा हातात आली की तिच्या दोन तारखा वेगवेगळ्या रकान्यांत लिहायची सवय लावून घ्या : कथा ज्या काळाबद्दल बोलते ती एक, आणि कथा पहिल्यांदा ज्या कागदावर दिसते ती दुसरी. क्राकोवच्या बाबतीत या दोन रकान्यांत जवळजवळ ७०० वर्षांचं अंतर आहे. पहिल्या रकान्यासाठी वीट, सनद आणि हिशोबवह्या वाचायच्या. दुसऱ्यासाठी वर्तमानपत्रं, शालेय पुस्तकं, पर्यटकांच्या पुस्तिका आणि रेडिओचे कार्यक्रम. दोन रकाने म्हणजे दोन वेगळी प्रकरणं, दोन वेगळ्या साधनयाद्या, आणि बऱ्याचदा दोन वेगळी अभिलेखागारं. वेळेचं नियोजन करताना आरआरसीसमोर हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण दुसऱ्या रकान्याला लोक 'हे तर नंतरचं' म्हणून महिनाभरात उरकायला सांगतात आणि तिथंच सगळ्यात जास्त वेळ जातो.